सदाकोचे हजार करकोचे पूर्ण झाले होते

हिरोशिमाच्या सदाको सासाकीची गोष्ट आपल्याकडच्या मुलांना बहुतेकदा सहा ऑगस्टच्या आसपास भेटते. बाई वर्गात गोष्ट सांगतात, रंगीत कागदाचा करकोचा करायला शिकवतात. गोष्टीचा शेवट साधारण असा असतो: हजार करकोचे केले की मनातली इच्छा पुरी होते असं सदाकोला कळलं, ती करत राहिली, पण ६४४ झाले आणि ती गेली. उरलेले ३५६ तिच्या मित्रमैत्रिणींनी केले आणि हजाराचा आकडा पुरा करून तिला निरोप दिला.

हा ६४४ चा आकडा खरा नाही. हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयाची नोंद आणि सदाकोच्या थोरल्या भावाचं, मासाहिरोचं सांगणं याबाबत जुळतं. ऑगस्ट १९५५ सरता सरता तिचे हजार पूर्ण झाले होते, आणि त्यानंतरही ती करत राहिली होती. ६४४ आला एका बालकादंबरीतून. तो तिथे का आला असावा, त्यामुळे दुःख आणि मैत्री यांबद्दल मुलांच्या हाती काय पडतं, आणि खरी हकिगत सांगितली तर काय बदलतं, हे या एका प्रकरणावरून नीट पाहता येतं. मुलांसाठी हिंसेनंतरच्या दुःखाची गोष्ट लिहिणाऱ्या किंवा सांगणाऱ्या प्रत्येकापुढे हाच पेच येतो.

घडलं ते

सदाकोचा जन्म ७ जानेवारी १९४३ चा. वडील शिगेओ यांचं केशकर्तनालय होतं. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला अमेरिकेने शहरावर अणुबॉम्ब टाकला तेव्हा ती अडीच वर्षांची होती. घर स्फोटाच्या केंद्रापासून दोन किलोमीटरच्याही आत होतं. वडील सैन्यात, बाहेरगावी होते. आई फुजिको दोन्ही मुलांना घेऊन नदीकडे धावली. आजी मागे वळली ती परत आलीच नाही. नदीत होडीत असताना त्यांच्यावर काळा पाऊस पडला, म्हणजे राख आणि किरणोत्सारी धूळ मिसळलेलं पाणी. सदाकोच्या अंगावर भाजल्याची एक खूणही नव्हती.

पुढची नऊ वर्षं ती चांगली धडधाकट होती. नोबोरी-चो प्राथमिक शाळेत सहावीच्या ‘बांबू वर्गा’त होती आणि वर्गातली सगळ्यात वेगाने पळणारी मुलगी म्हणून तिची ओळख होती. वर्गशिक्षक नोमुरा यांनी रिले शर्यतीसाठी मुलांचा कसून सराव घेतला आणि १९५४ च्या शरदातल्या क्रीडादिनी बांबू वर्ग जिंकला. या वर्गाची एकजूट त्या शर्यतीत घडली, हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं त्याची मुळं तिथे आहेत.

थोड्याच आठवड्यांत तिच्या मानेला आणि कानांमागे गाठी आल्या. जानेवारीत पायांवर जांभळे डाग उमटले. निदान झालं ल्युकेमियाचं, रक्ताच्या कर्करोगाचं. हिरोशिमात लोक याला सरळ ‘अणुबॉम्बचा आजार’ म्हणत. बॉम्बनंतर काही वर्षांनी, विशेषतः लहान वयात किरणोत्सार झेललेल्यांमध्ये, या रोगाचं प्रमाण वाढलेलं दिसत होतं. २१ फेब्रुवारी १९५५ ला तिला रेड क्रॉस रुग्णालयात दाखल केलं. फार तर वर्षभर, असं डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं होतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मुलांसाठीच्या आवृत्त्यांत ती हरवते. बॉम्बग्रस्तांच्या वैद्यकीय उपचारांची जबाबदारी सरकारने घेणारा कायदा जपानमध्ये आला १९५७ साली. १९५५ मध्ये हा भार सासाकींवरच होता, आणि पैशांची चणचण त्या घरात उघड दिसत होती. शहरात अमेरिकेने उभी केलेली अणुबॉम्ब हानी आयोग नावाची संस्था होती. ती बॉम्बग्रस्तांची तपासणी करी, नोंदी ठेवी, उपचार मात्र करत नसे. अमेरिकी ताब्याच्या काळात, १९५२ पर्यंत, बॉम्बच्या परिणामांबद्दल मोकळेपणाने लिहिण्यावर बंधनं होती. म्हणजे सदाकोच्या वयाची मुलं ज्या घटनेतून वाचली होती, तिच्याबद्दल मोठी माणसंही सार्वजनिकपणे पुरेसं बोललेली नव्हती.

ऑगस्टमध्ये नागोयाहून रुग्णालयात कागदी करकोचे आले, रुग्णांना लवकर बरं वाटावं म्हणून पाठवलेले. सदाकोने करकोचे करायला घेतले ते त्यावरून. खोलीतली तिची सोबतीण तिच्याहून दोनेक वर्षांनी मोठी होती, तीही तिच्याबरोबर करू लागली. कागद मिळेल तो चालायचा: औषधांच्या पुड्यांचे, भेटवस्तूंच्या वेष्टनांचे तुकडे. पुढे पुढे करकोचे इतके लहान झाले की घडी सुईच्या टोकाने घालावी लागे. ते इवलेसे करकोचे आज संग्रहालयात काचेमागे आहेत.

महिन्याच्या आत हजार झाले. आजार उतरला नाही. २५ ऑक्टोबर १९५५ ला सकाळी ती गेली, बाराव्या वर्षी.

ती गेल्यावर एक कागद सापडला. त्यावर तिने स्वतःच्या रक्ततपासणीचे आकडे लिहून ठेवले होते: पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी, हिमोग्लोबिन. आपल्याला काय झालंय हे घरच्यांनी तिच्यापासून लपवलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे तिने घरच्यांपासून. जुलैमध्ये त्याच रुग्णालयात ल्युकेमियाने एक लहानगी मुलगी गेली, तेही तिने पाहिलं होतं.

कादंबरीत झालं ते

एलेनॉर कोर या कॅनडात जन्मलेल्या अमेरिकी लेखिका. युद्धानंतर पत्रकार म्हणून जपानमध्ये असताना त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा डोळ्यांनी पाहिलं होतं. सदाकोच्या वर्गमित्रांनी तिच्या आठवणींचा ‘कोकेशी’ नावाचा संग्रह काढला होता, तो त्यांच्या लेखनामागे होता. ‘सदाको अँड द थाउजंड पेपर क्रेन्स’ १९७७ साली आलं. पुस्तक छोटं आहे, वाक्यं साधी आहेत, आठ-नऊ वर्षांचं मूल एका बैठकीत वाचू शकतं. जगभरातल्या शाळांत सदाको पोचली ती प्रामुख्याने या पुस्तकामुळे.

कोर यांनी कादंबरी लिहिली, चरित्र नाही, आणि कादंबरीकाराला घटना हलवण्याचा हक्क आहे. म्हणून काय हलवलं ते बघायचं. नागोयाहून आलेल्या करकोच्यांच्या जागी पुस्तकात चिझुको ही मैत्रीण येते, सोनेरी कागदाचा पहिला करकोचा करून देते आणि हजाराची समजूत सांगते. रुग्णालयात केंजी नावाचा नऊ वर्षांचा अनाथ मुलगा भेटतो. त्याला स्वतःचं मरण ठाऊक असतं आणि तो सदाकोआधी जातो. आणि शेवटी ६४४, मग ३५६.

हे तिन्ही बदल एकाच दिशेचे आहेत. मैत्रिणीने आशा दिली, मित्राने मरण दाखवलं, वर्गाने अपूर्ण राहिलेलं पूर्ण केलं. दुःखाचा प्रत्येक टप्पा मैत्रीच्या हाताने पार पडतो. रचना म्हणून यात कौशल्य आहे आणि मी ते नाकारत नाही. केंजीचा प्रसंग तर मला पुस्तकातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. जुलैमध्ये खरोखर घडलेल्या त्या मृत्यूला कोर यांनी एक चेहरा दिला, आणि करकोचे आपल्याला वाचवू शकणार नाहीत हे एका मुलाच्याच तोंडून येऊ दिलं.

आकड्याबद्दल मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. आणि हा आक्षेप नोंदीतल्या अचूकतेपुरता नाही.

गोष्ट ६४४ वर थांबली की ऐकणाऱ्या मुलाच्या मनात एक हिशेब सुरू होतो. तिने रोज थोडे जास्त केले असते तर? आधी सुरुवात केली असती तर? मित्रांनी ती असतानाच मदत केली असती तर? मुलं हा प्रश्न खरंच विचारतात, आणि विचारताना त्यांचा आवाज गंभीर असतो. गोष्टीत हजाराची अट आहे आणि अट पूर्ण झालेली नाही, म्हणजे अट खोटी ठरलेली नाही. मरणाचं कारण बॉम्बवरून सरकून अपुऱ्या संख्येवर येतं.

ज्यांच्या घरात किंवा वर्गात कुणी गेलं आहे, त्या मुलांसाठी हे फार नाजूक आहे. शोकातलं मूल असे हिशेब मांडतच असतं. मी त्या दिवशी भांडलो नसतो तर, मी देवाला नीट सांगितलं असतं तर, मी फोन केला असता तर. आठ-दहा वर्षांच्या मुलाला जग अजून पुष्कळसं आपल्या वागण्यावर चालतं असं वाटतं, आणि मृत्यूच्या वेळी ती समजूत त्याच्यावरच उलटते. अशा मुलाला ६४४ ची गोष्ट आधार देत नाही, त्याच्या हिशेबाला दुजोरा देते.

हजार झाले आणि तरी ती वाचली नाही, ही खरी हकिगत ऐकायला अधिक जड आहे. पण तिच्यात कुणावर ठपका येत नाही. सदाकोने जे करायचं ते पूर्ण केलं होतं. तिच्या करण्यात काही कमी पडलं नव्हतं. ती गेली कारण ती अडीच वर्षांची असताना एका शहरावर बॉम्ब टाकला गेला. हे वाक्य मुलाला सांगता येतं, आणि शोकातल्या मुलाला तर सांगायलाच हवं असं मला वाटतं.

शिवाय खरी गोष्ट एक असा प्रश्न ठेवून जाते, ज्याला जागा कादंबरीने दिलीच नाही. हजार झाल्यावर इच्छा पुरी झाली नाही हे तिला दिसत होतं. रक्ताचे आकडे तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते. मग पुढचे करकोचे ती का करत होती? याचं एकच उत्तर नाही. सवयीने, हात गुंतवायला, सोबतिणीबरोबर बसायला, दुसऱ्या कुणासाठी काही मागायला. वर्गात हा प्रश्न टाकला की मुलं स्वतःच्या घरातल्या आजारपणांबद्दल आपणहून बोलू लागतात. ६४४ वाल्या शेवटानंतर बोलणं ‘बिच्चारी’पाशी थांबतं.

मित्रांनी केलं ते

कादंबरीचा दुसरा तोटा मित्रांचा झाला. त्यांच्या वाट्याला ३५६ करकोचे आले. त्यांनी प्रत्यक्षात केलं ते याहून कितीतरी मोठं आणि जास्त गुंतागुंतीचं होतं.

सदाको रुग्णालयात गेल्यावर काही आठवड्यांतच सहावी संपली. शाळा सुटताना बांबू वर्गाने ‘एकजूट मंडळ’ स्थापन केलं: वेगवेगळ्या माध्यमिक शाळांत गेलो तरी एकत्र राहायचं, पाळीपाळीने सदाकोला भेटायला जायचं. सुरुवातीला मुलं जात राहिली. मग नवी शाळा, नवा अभ्यास, नवे मित्र, आणि भेटी विरळ झाल्या. बारा वर्षांच्या मुलांचं जसं होतं तसंच झालं. ऑक्टोबरमध्ये ती गेल्याचं कळलं तेव्हा दुःखाबरोबर ही टोचणीही होती की आपण जायला हवं होतं तितकं गेलो नाही.

मला हा या प्रकरणाचा गाभा वाटतो. मैत्री आणि शोक यांबद्दलच्या बालसाहित्यात मित्र बहुधा शेवटपर्यंत उशाशी बसलेला असतो. प्रत्यक्षात पुष्कळ मुलं तशी बसू शकत नाहीत. आजारी मित्राचा बदललेला चेहरा त्यांना घाबरवतो, काय बोलावं सुचत नाही, आणि ती जाणं टाळतात. नंतर ते टाळणं त्यांना वर्षानुवर्षं छळतं. ही गोष्ट कुणीतरी त्यांना सांगायला हवी, आणि बांबू वर्गाच्या हकिगतीत ती तयार आहे.

टोचणीचं त्यांनी काय केलं? नोव्हेंबर १९५५ मध्ये देशभरातले माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक परिषदेसाठी हिरोशिमात जमले होते. तिथे या मुलांनी पत्रकं वाटली: सदाकोसाठी आणि बॉम्बमुळे गेलेल्या सगळ्या मुलांसाठी एक पुतळा उभारायचा आहे, मदत करा. ही कल्पना पुढे आणण्यात कावामोतो इचिरो या तरुणाचा मोठा वाटा होता. काळही अनुकूल होता. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी जहाजावर पडली होती आणि त्यानंतर अण्वस्त्रविरोधी सह्यांची लाट देशभर पसरली होती. ऑगस्ट १९५५ मध्ये, सदाको रुग्णालयात असतानाच, त्याच शहरात अणु आणि हायड्रोजन बॉम्बविरोधी पहिली जागतिक परिषद भरली होती. मुलांच्या पत्रकाला लोकांच्या मनात आधीच जागा होती. जपानमधल्या ३,१०० हून अधिक शाळांतून आणि नऊ देशांतून निधी आला.

५ मे १९५८ ला, बालदिनी, शांतता उद्यानात ‘बालशांती स्मारका’चं अनावरण झालं. शिल्पकार किकुची काझुओ, उंची नऊ मीटर, माथ्यावर दोन्ही हातांनी करकोचा उंच धरलेली मुलगी. आत घंटा होती, ती भौतिकशास्त्रज्ञ युकावा हिदेकी यांनी दिलेली. नोबेल मिळवणारे ते पहिले जपानी, आणि त्यांचं क्षेत्र अणुगर्भाचंच होतं. पायथ्याच्या दगडावरच्या ओळी अशा: हा आमचा आक्रोश आहे, ही आमची प्रार्थना आहे, जगात शांतता उभारण्यासाठी.

गोष्ट इथे उजळ करून संपवता येते, पण मासामोतो नासु यांनी तसं होऊ दिलं नाही. नासु हे जपानचे अत्यंत लोकप्रिय बाललेखक, जन्म १९४२, हिरोशिमाचेच, आणि तीन वर्षांचे असताना स्वतः बॉम्बग्रस्त झालेले. सदाकोच्याच पिढीचे. त्यांनी बांबू वर्गातल्या मुलांचा माग काढला आणि १९८४ मध्ये ‘करकोच्याची मुलं’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. पुतळ्याची चळवळ मोठी होत गेली तशी ती मोठ्यांच्या आणि संघटनांच्या हातात कशी गेली, आणि जिच्या नावाने सुरू झाली तिचे मित्र बाजूला कसे पडत गेले, हे त्यांनी मांडलं. मुलांच्या शोकावर मोठी माणसं किती चटकन आपला झेंडा लावतात, याचा इतका सरळ दाखला बालसाहित्यिकाने क्वचितच लिहिला असेल. ज्यांना लहानपणी ‘तुमच्या मैत्रीचं प्रतीक’ म्हणून मंचावर उभं केलं गेलं, त्यांना मोठेपणी त्याबद्दल काय वाटतं हे विचारणारा बाललेखक मला फार मोलाचा वाटतो.

चुकलेल्या आकड्याचंही एक काम

कोर यांच्या पुस्तकावर मी आक्षेप घेतला, पण त्या पुस्तकाने घडवलेली एक गोष्ट टाळून चालणार नाही. बॉम्ब टाकण्याचा आदेश देणारे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे नातू क्लिफ्टन ट्रुमन डॅनियल यांच्या घरात सदाको पोचली ती मुलाने शाळेतून आणलेल्या त्याच पुस्तकातून. त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे बोलायला सुरुवात केली आणि ते मासाहिरोच्या कानावर गेलं. २०१० मध्ये न्यूयॉर्कला दोघं भेटले. मासाहिरोने सदाकोने केलेला एक इवलासा करकोचा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि हिरोशिमाला याल का म्हणून विचारलं. २०१२ च्या सहा ऑगस्टला डॅनियल तिथे हजर होते. सासाकी कुटुंबाने सदाकोच्या मूळ करकोच्यांपैकी काही न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या स्मृतिकेंद्राला दिले, काही पर्ल हार्बरला. २७ मे २०१६ ला बराक ओबामा हिरोशिमाला आले तेव्हा स्वतः घडी घातलेले चार करकोचे घेऊन आले होते.

तेव्हा पुस्तक टाकून द्या असं मी म्हणत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ते जरूर द्यावं. फक्त वाचून झाल्यावर सांगावं की हे कादंबरीतलं झालं, आता खरं काय झालं ते ऐक. मुलं यावर चिडत नाहीत. दोन्ही शेवट समोर ठेवले की ती तावातावाने वाद घालतात, आणि त्या वादात मृत्यूबद्दल बोलण्याचा संकोच गळून पडतो. सांगण्याचा क्रम मी असा ठेवतो: आधी रिले शर्यत, कारण सदाको आधी पळणारी मुलगी होती आणि मग रुग्ण. मग आजार, करकोचे, हजार, आणि त्यापुढचे. मग मित्रांचं कमी होत गेलेलं येणं, काही न लपवता. पुतळा सगळ्यात शेवटी. करकोचा करायला शिकवायचा तर गोष्टीनंतर, आणि कुणाला करायचा नसेल तर आग्रह नाही. ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्याला हाताने काही करण्यापेक्षा गप्प बसणं जास्त बरं वाटू शकतं.

आणि जे मराठीत ही गोष्ट नव्याने लिहितील त्यांना एक विनंती. मी वाचलेल्या-ऐकलेल्या बहुतेक मराठी कथनांत ६४४ च आहे, कारण ती कोर यांच्या पुस्तकावरून किंवा त्याच्या सारांशावरून आली आहेत. पुढचं पुस्तक थेट हिरोशिमाच्या नोंदींवरून लिहा. त्यात रक्ताच्या आकड्यांचा तो कागद येऊ द्या, उपचारांच्या खर्चाची वडिलांची ओढाताण येऊ द्या, बॉम्ब कुणी टाकला हे येऊ द्या. आणि वर्गातला एखादा असा मुलगा किंवा मुलगी निवडा, जी एप्रिलमध्ये दोनदा भेटायला गेली, जूनमध्ये एकदा, आणि नंतर गेलीच नाही. गोष्ट तिच्या तोंडून सांगा.